सहा तुकड्यांचा शब्द

हॉलिस मोडेस्टला मोर्न बेलेर गावात कोणी अबोल म्हटलं नसतं. उलट त्याच्या तोंडी लागू नका, असंच लोक एकमेकांना बजावत. कार्निव्हलच्या सोमवारी आणि मंगळवारी तर गावच्या तिठ्यावर त्याच्यासमोर उभं राहायची कोणाची छाती नव्हती. पण हा सगळा दिमाख चिंध्यांच्या झग्यातला. झगा उतरवून साध्या सदऱ्यात आला की माणूस ढिम्म. बायको होती तोवर म्हणायची, "माझं लग्न अर्ध्याच माणसाशी झालंय, आणि तेही मुक्या अर्ध्याशी." ती जाऊन सहा वर्षं झाली होती.

आता स्वयंपाकघरात टेबलापलीकडे त्याची धाकटी बहीण व्हर्ना बसत होती. एकतीस वर्षांनी टोरांटोहून आली होती. रोज सकाळी हॉलिस तिच्यापुढे कोकोचा पेला ठेवायचा, तोंड उघडायचा आणि मिटायचा.

"व्हर्ना."

"काय?"

"गोड झालाय का?"

"झालाय. काल विचारलंस तेव्हाही झाला होता."

असे आठ दिवस गेले. पुढच्या गुरुवारी तिचं विमान होतं. त्याच्या आत तिची माफी मागायची, एवढं एकच काम हॉलिसला या जन्मात उरलं होतं. तो एकाहत्तरचा, ती पासष्टची. परत भेट होईल याचा भरवसा दोघांनाही नव्हता. आणि एवढा बोलभांड माणूस, पण ते दोन शब्द काही त्याच्या घशाबाहेर पडत नव्हते.

हॉलिसचं सोंग पिएरो ग्रेनाडचं. ग्रेनाडा बेटावरून कोकोच्या मळ्यात राबायला आलेल्या बापानं इथं त्रिनिदादमध्ये हे सोंग उचललं आणि मुलाला दिलं. गोणपाटाचा झगा, त्यावर रंगीबेरंगी चिंध्या, कमरेला रिकामे डबे, तोंडावर जाळीचा मुखवटा, हातात चाबूक. पिएरो म्हणजे फाटका पंडित. समोरच्यानं एखादा लांबलचक इंग्रजी शब्द टाकायचा आणि पिएरोनं तो फोडायचा. नुसती अक्षरं घोकायची नाहीत, ते शाळेतलं पोरही करतं. प्रत्येक तुकड्याला गावातली एक भानगड टांगायची. नाव कोणाचं घ्यायचं नाही, पण ज्याचं त्याला कळलं पाहिजे. समोरचा पिएरो चाबकाचे तीन फटके काढेपर्यंत पुढचा तुकडा सुचला नाही तर हरलास, घरी जा.

बापाला सही येत नव्हती, तो अंगठा उठवायचा. पण शब्द मात्र असा फोडायचा की गावचे मास्तरही कान देऊन ऐकत. "कोकोचं फळ जिथं फुटायला तयार असतं तिथंच कोयता टेकवायचा," तो म्हणायचा. "तोंड जिथं दम घेतं तिथंच शब्द तुटतो. आणि शेवटी 'ली'ची शेपटी असली तर जरा जपून. तसला शब्द काय केलं ते सांगत नाही, कसं केलं ते सांगतो."

एकतीस वर्षांपूर्वी हॉलिसला असाच शेपटीवाला शब्द मिळाला.

तेव्हा व्हर्ना चौतिशीत होती, गावच्या शाळेत बालवर्गाला शिकवायची. सेल्विन नावाच्या बस ड्रायव्हरशी तिचं लग्न ठरलं होतं. सेल्विन विधुर होता, शांत स्वभावाचा, रोज बुटांना पॉलिश करणारा. बस घराजवळून जाताना तो दोनदा हॉर्न वाजवायचा. ते ऐकलं की व्हर्नाचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. ईस्टरनंतरची तारीख ठरली होती.

त्या मंगळवारी तिठ्यावर हॉलिस आणि क्लेव्हिस जुंपले. क्लेव्हिस हा गावातला दुसरा पिएरो, हॉलिसचा जुना स्पर्धक आणि तितकाच जुना मित्र. क्लेव्हिसनं शब्द टाकला, इन्कॉम्प्रिहेन्सिब्ली. कोणाला कळूच नये अशा तऱ्हेनं, असा त्याचा अर्थ. हॉलिसनं आधी मोठ्या ऐटीत शब्दाचा सांगाडा उलगडला. पुढचं 'इन' म्हणजे नकार, मधलं धूड म्हणजे समजणं, आणि मागची शेपटी म्हणजे कसं. मग त्यानं सहा तुकडे केले. 'इन' म्हणजे आत, तर पोस्टमास्तर कोणाच्या घरात मागच्या दारानं आत गेला ते सांगितलं. 'कॉम' म्हणजे ये. त्यावर निवडणुकीपुरतं 'ये रे बाबा ये' करणारे पुढारी झाले. 'प्रि'वरून 'प्रीच', म्हणजे प्रवचन, तिथं पाद्रीबाबांची हजेरी घेतली. लोक पोट धरून हसत होते.

मग आला 'हेन'. म्हणजे कोंबडी. हॉलिसच्या मनात फिलो तांतीच्या, म्हणजे फिलो मावशीच्या, चोरीला गेलेल्या कोंबडीचा किस्सा तयार होता. पण तो किस्सा क्लेव्हिसनं घटकाभरापूर्वीच स्वतःच्या शब्दात वापरून टाकला होता. हॉलिसचं डोकं रिकामं झालं. क्लेव्हिसनं एक फटका काढला. दुसरा काढला. पोरं हुर्यो करायला लागली.

आणि हॉलिसच्या तोंडून निघालं, "एक होती तरणी कोंबडी! शिवण शिकायला राजधानीत गेली! नन्सच्या खुराड्यात सहा महिने शिवत बसली, शिवत बसली, आणि परत आली ती हात हलवत! का म्हणून विचारा? अहो, जे शिवून तयार झालं त्याला पाय होते! ते दुसरंच कोणीतरी उचलून घरी घेऊन गेलं!"

लोक मनातल्या मनात हिशेब जुळवत होते. मोर्न बेलेरमधून राजधानीत शिवण शिकायला एकच मुलगी गेली होती, सतराव्या वर्षी. मग जो हशा उसळला तसा हॉलिसला पूर्वी कधी मिळाला नव्हता, पुढेही मिळाला नाही. खोटं कशाला सांगा, त्या क्षणी त्याला फार बरं वाटलं. पुढच्याच क्षणी रमच्या दुकानाच्या पायरीवर त्याला सेल्विन दिसला. त्याची टोपी हातात होती, बूट चकचकीत होते.

हॉलिसनं उरलेले दोन तुकडेही फोडले आणि तो जिंकला.

व्हर्नाच्या त्या मुलाबद्दल फक्त तिघांना माहीत होतं. आईला, व्हर्नाला आणि हॉलिसला. तिला बसनं राजधानीत नेऊन पोचवणारा हॉलिसच होता आणि सहा महिन्यांनी परत आणणाराही तोच. परतीच्या वाटेवर ती त्याच्या खांद्याला डोकं टेकवून रडली होती. तेव्हा त्यानं तिला शब्द दिला होता की मरेपर्यंत हे माझ्या तोंडून जाणार नाही.

सेल्विन भांडला नाही, काही विचारलंही नाही. त्याची बस घराजवळून जायची, पण हॉर्न वाजायचा नाही. व्हर्नानं लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे, चाळीस दिवस शाळा केली, मग राजीनामा दिला आणि कुणाच्या तरी ओळखीनं टोरांटोला लोकांच्या म्हाताऱ्यांची सेवा करायला निघून गेली. जाताना भावाला एवढंच म्हणाली, "मांजराला खायला घालत जा." त्यानंतर दर नाताळला एक कार्ड यायचं. आत तिचं नाव असायचं, बाकी काही नाही. आई गेली तेव्हा फुलं पाठवली, ती आली नाही.

आणि आता अचानक आली होती. कंबर दुखायची, चष्मा जाड झाला होता, पण चालणं तेच, ताठ. रोज सकाळी छत्री घेऊन बाहेर पडायची आणि घराघरांतून फिरायची. परत आली की टेबलाशी बसून विचारायची.

"फिलो तांती जिवंत आहे म्हणे?"

"आहे. एक्क्याण्णवची आहे. कान गेले, जीभ शाबूत आहे."

"आणि नवी पोरं तर मला ओळखतसुद्धा नाहीत. टुरिस्ट समजतात."

"वाईट वाटतं?"

"छे. बरं वाटतं." हे म्हणताना ती खरंच खुशीत दिसायची. हॉलिसला वाटायचं, हीच वेळ आहे, आत्ता बोलावं. आणि तो उठून पेले विसळायला लागायचा.

शनिवारी तो क्लेव्हिसकडे गेला. क्लेव्हिस ओट्यावर पाय पसरून झग्याला डबे शिवत होता. गुडघे गेले होते, पण सोंग सुटलं नव्हतं.

"सोमवारी मला तोच शब्द टाक," हॉलिस म्हणाला.

"कोणता?"

"तोच. कोंबडीवाला."

क्लेव्हिसनं सुई खाली ठेवली. "डोकंबिकं फिरलं का तुझं?"

"या वेळी कोंबडीची गोष्ट नाही सांगायची. कोंबड्याची सांगायची. घरात विश्वासानं ऐकलेलं उकिरड्यावर चढून आरवणाऱ्या मूर्ख कोंबड्याची. सगळ्यांसमोर सांगणार, की चूक माझी होती."

"अरे, मग घरी सांग ना. भांडी घासता घासता सांग. दोन शब्दांचं तर काम आहे."

"घरी माझं तोंड उघडत नाही, तुला माहीत आहे. झगा घातला की मला जीभ फुटते. आणि जिथं तिची अब्रू घेतली तिथंच परत करायला नको का?"

"तिला विचारलंस?"

"विचारून माफी मागतात का कोणी?"

क्लेव्हिसनं बराच वेळ दोऱ्याला गाठ मारायचं निमित्त केलं. "मला ठीक वाटत नाही बाबा," तो म्हणाला. "तिठ्यावर आपण काहीही बोललो तरी ते सोंगच होतं. पण तू ऐकणारा नाहीस. शब्द मी टाकेन."

सोमवारी सकाळी हॉलिस झगा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. व्हर्ना तांदूळ निवडत होती. चुलीवर पेलावसाठी कोंबडी परतायला टाकली होती.

"दुपारी तिठ्यावर येशील?"

"कशाला? तुझं सोंग मी पुरेसं बघितलंय, हॉलिस." एकतीस वर्षांत त्या गोष्टीच्या जवळपास जाणारं हे तिचं पहिलंच वाक्य होतं. ती शांतपणे बोलली, मान वर न करता.

"या वेळचं वेगळं आहे. तुझ्यासाठी आहे."

तिनं मान वर केली आणि त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. "बरं, येते," ती म्हणाली. "आणि संध्याकाळी घरी लवकर ये. मलाही तुझ्याशी बोलायचंय. महत्त्वाचं आहे."

हॉलिस तरंगतच बाहेर पडला. बापाच्या पुण्याईनं आज सगळं सुरळीत होणार असं त्याला वाटत होतं.

दुपारी तिठा फुलला होता. ढोल, बाटल्यांवर चमचे, अंगभर चिखल फासलेली पोरं. व्हर्ना रमच्या दुकानाच्या पत्र्याखाली सावलीला उभी होती, निळी छत्री मिटून हातात धरलेली. तिच्या शेजारी खुर्चीवर फिलो तांतीला आणून बसवलं होतं. क्लेव्हिसनं चाबूक वाजवला आणि शब्द टाकला. जुन्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. नव्यांना त्यात काहीच वाटलं नाही, आणखी एक लांब शब्द, एवढंच.

हॉलिसचा आवाज खणखणीत लागला. 'इन' फोडला, 'कॉम' फोडला, 'प्रि'ला नव्या पाद्रीबाबांच्या मोबाइलची फिरकी घेतली. लोक हसून बेजार झाले. मग तो थांबला, व्हर्नाकडे वळला आणि म्हणाला, "'हेन'! एकतीस वर्षांपूर्वी याच जागी मी तुम्हाला एका कोंबडीची गोष्ट सांगितली होती. शिवण शिकायला गेलेल्या. आज खरी गोष्ट ऐका! कोंबडीचा काही दोष नव्हता! तिच्या घरात एक कोंबडा होता, मूर्खांचा राजा! तिनं त्याच्या कानात रडून सांगितलं आणि हा गाढव उकिरड्यावर चढून आरवला!"

लोक हसले. कोंबडा, गाढव आणि उकिरडा एका वाक्यात आले तर लोक हसणारच.

"शिवण शिकायला म्हणजे?" चिखलातल्या एका पोरानं ओरडून विचारलं. "कुठली कोंबडी, अंकल?"

फिलो तांतीला प्रश्न कसा ऐकू गेला देव जाणे. बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा आहे ते कळत नाही. "अरे, याची बहीण रे!" ती ओरडली. "नन्सकडे पोर ठेवून आली होती ना! ती बघ, माझ्या बाजूला छत्री घेऊन उभी आहे!"

सगळ्या माना फिरल्या. कोणीतरी शीळ घातली. हशा एकीकडून उठला आणि तिठाभर पसरला. ज्यांना माहीत नव्हतं ते शेजाऱ्याला विचारत होते आणि शेजारी सांगत होते.

हॉलिसनं मुखवटा ओढून काढला. "थांबा!" तो ओरडला. "हे सोंग नाही! मी खरं सांगतोय! मी चुकलो! मी तिची माफी मागतोय!"

हशा दुप्पट झाला. आणि का होऊ नये? दर वर्षी प्रत्येक पिएरो हेच तर ओरडतो, की मी खरं सांगतोय. म्हातारा मुखवटा काढून रडल्याचा आव आणतोय, काय नक्कल आहे! लोकांनी टाळ्या धरल्या. "पुढे! पुढे!" पोरं ताल धरून ओरडू लागली. "शब्द पुरा कर! 'सि'! 'सि'!" सवयीनं क्लेव्हिसचा हात वर गेला आणि चाबूक वाजला. एकदा. परत एकदा.

आणि हॉलिसनं शब्द पुरा केला. पन्नास वर्षांची जीभ ती. दुसरा फटका ऐकला की ती मालकाला विचारत नाही. 'सि' म्हणजे पाहणं, मग आंधळ्या पोलिसाची गोष्ट. 'ब्ली' म्हणजे बकरीचं ओरडणं, मग कोणाची बकरी कोणाच्या वाफ्यात. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यानं पत्र्याखाली पाहिलं तर तिथं फिलो तांती एकटीच होती, बोळक्या तोंडानं हसत.

तो चढ चढून घरी पोचला तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. व्हर्ना टेबलाशी बसली होती. पेलावचं पातेलं झाकलेलं होतं. हॉलिस तसाच चिंध्यांत दारात उभा राहिला.

"शब्द पुरा केलास?" तिनं विचारलं.

"केला."

"टाळ्या वरपर्यंत ऐकू आल्या."

"व्हर्ना, मी माफी मागत होतो."

"ते कळलं मला. मी काही फिलो तांती नाही." तिचा आवाज चढला नाही, आणि त्यामुळे हॉलिसला जास्तच भीती वाटली. "तू माफी मागत होतास, लोक हसत होते आणि मी मधे उभी होते. पहिल्या वेळी निदान मी तिथं नव्हते, घरी होते. या वेळी तू मला आमंत्रण देऊन बोलावलंस."

तो खुर्चीवर बसला. कमरेचे डबे खळखळले. त्यानं ते हातानं दाबून धरले.

"दहा दिवस मी घरोघर हिंडत होते, ते कशाला असं वाटलं तुला? लोकांच्या प्रेमानं?" व्हर्ना म्हणाली. "बघत होते, कितीजणांना आठवतंय. फिलो, क्लेव्हिस आणि आणखी चार म्हातारे. बाकी कोणाला काही ठाऊक नव्हतं. दुकानातल्या पोरीनं मला विचारलं, तांती, तुम्ही इथल्याच का? मी घरी येऊन खोलीत नाचले रे. या वयात, या कमरेनं. म्हटलं, आता जमेल."

"काय जमेल?"

"तिला आणायला."

हॉलिसला लगेच काही उमगलं नाही. मग उमगलं आणि त्यानं टेबलाची कड धरली.

"दोन वर्षांपूर्वी तिचं पत्र आलं," व्हर्ना सांगत होती. "जिनं वाढवलं ती आई गेली, मग कागद सापडले. अर्लीन नाव आहे. अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. सॅन फर्नांडोला औषधांच्या दुकानात असते."

"सॅन फर्नांडो? म्हणजे इथंच?"

"इथंच. दोन तासांवर. मी तिकडे बर्फ उपसत होते आणि ती इथं आंबे खाऊन मोठी होत होती." व्हर्नानं चष्मा काढला आणि हाताच्या पंजानं डोळा पुसला. "तिला आजीचं घर बघायचंय. मॅक्सी टॅक्सी दारापर्यंत नको म्हणते, तिठ्यावर उतरून चढ चालत यायचंय, मी चालायचे तसं. परवा येणार होती. मी ठरवलं होतं, ओळखीची आहे एवढंच सांगायचं. कोणी विचारलं नसतं. आज संध्याकाळी तुला सांगणार होते. तू मला तिठ्यावर बोलावलंस तेव्हा मला काय वाटलं माहीत आहे? वाटलं, यालाही काहीतरी कळलंय. वाटलं, माझा भाऊ मला परत मिळाला."

हॉलिसनं पातेल्यावरचं झाकण उगाच सरळ केलं.

"आता ती तिठ्यावर उतरली की पोरं म्हणणार, ते बघा, नन्सकडे शिवलेलं आलं."

"येऊ दे तिला," हॉलिस घाईनं म्हणाला. "एक जण जरी बोलला ना, तरी मी..."

"तू काय? शब्द फोडशील?"

खालून तिठ्यावरचे ढोल ऐकू येत होते. व्हर्नानं पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि कानाला न लावता त्याच्यापुढे टेबलावर ठेवला. पलीकडची घंटी वाजायला लागली.

"येऊ नको म्हणून तूच सांग. का, तेही सांग."

"मी? मी काय सांगणार तिला?"

"झालं ते सांग. आणि तुकडे करू नकोस."

"हॅलो, मम्मी?" फोनमधून आवाज आला. बाईचा, जरा घोगरा, हसरा. व्हर्नानं फोन त्याच्याकडे सरकवला. "मम्मी? ऐकू येतंय का? मला वाढवलं त्या आईला आवडायचा तो रवाळ केक घेतलाय परवासाठी, चालेल ना?"

"मी हॉलिस बोलतोय," तो म्हणाला.

मग तो आवाज एकदम उजळला. "अंकल हॉलिस?"

आजवर त्याला रक्ताचं कोणी अंकल म्हटलं नव्हतं. त्यानं फोन दोन्ही हातांत घेतला. चिंध्या टेबलावर सळसळत होत्या.

"अर्लीन, तू परवा येऊ नकोस," तो म्हणाला. "ऐक. तू व्हायची होतीस तेव्हा तुझ्या आईला बसनं मी घेऊन गेलो होतो. परत मीच आणलं. कोणाला सांगणार नाही असं तिला वचन दिलं होतं. तिचं लग्न ठरलं होतं, चांगल्या माणसाशी. आणि मी लोकांना हसवण्यासाठी तुझी गोष्ट चव्हाट्यावर सांगितली. मला काही सुचत नव्हतं म्हणून सांगितली, बाई. हरू नये म्हणून. तिचं लग्न मोडलं आणि ती देश सोडून गेली. आज मी परत तेच केलं. आज दुपारी. आता सगळ्या गावाला कळलंय, म्हणून तू येऊ शकत नाहीस. तुझ्या आईनं काही केलेलं नाही. मी केलं. मी फार वाईट केलं, व्हर्ना. मला माफ कर."

शेवटचं नाव त्याच्या तोंडून चुकून आलं की कसं, ते त्यालाही कळलं नाही. तो फोनकडे बघत होता. पलीकडे कोणी हसलं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता.

व्हर्नानं हात पुढे करून त्याच्या हातांतून फोन काढून घेतला. तिचा चेहरा ओला होता आणि तिनं तो पुसला नाही.

"अर्लीन, मी आहे," ती म्हणाली. "ऐकलंस ना? मी पण हे त्याच्या तोंडून आजच ऐकलं."

मग ती फोन कानाला लावून आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.